व्याह्यांच्या आहेराची एक्कावन्न काडतुसं

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये मराठी मंडळी जमली की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या कंपनीत?" मी सांगतो, "फरसाणाच्या." समोरचा हसतो, मी हसतो, आणि तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला जातो. एका इंडियन ग्रोसरीच्या मागच्या किचनमध्ये मी शेव-चकली तळतो. आठवीत शाळेनं मला सोडलं. मी शाळा सोडली असं सांगायला बरं वाटतं, पण मागणी तिकडूनच आली होती. अमेरिकेत आलो तो बायकोच्या नोकरीवर. ती नर्स. हॉस्पिटलनं तिला बोलावलं आणि तिनं दोन बॅगा, एक कुकर आणि एक नवरा एवढं सामान आणलं. त्यातला कुकर अजून चांगला चालतो.

मुलगी इथंच जन्मली, इथंच शिकली. जनावरांची डॉक्टर झाली. घरात मी असल्यामुळे सराव होता. तिनं एक दिवस सांगितलं की लग्न करायचंय. मुलगा इथलाच, टेक्सासचा, फायर ब्रिगेडमध्ये. त्याला आई नाही. वडील एकटेच, आमच्यापासून तासाभराच्या ड्राइव्हवर राहतात. आयुष्यभर लिफ्ट रिपेअर केल्या, आता रिटायर झालेत.

"तुम्ही आणि ते आधी भेटा," मुलगी म्हणाली. "इफ यू टू गेट अलाँग, आईला पाहिजे तसं करू, मांडव, मेहंदी, सगळं. इफ इट्स वियर्ड, आम्ही कोर्टहाऊसमध्ये सही करतो आणि टॅको खायला जातो. नो ड्रामा."

टॅको ऐकल्यावर बायकोनं बाह्या वर सारल्या. ती उठली आणि तिनं फ्रिज साफ केला. रडण्याऐवजी ती फ्रिज साफ करते. त्या दिवशी तिनं फ्रीझरचा बर्फसुद्धा खरवडला. तिचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं ही बाई ह्याच्या त्याच्या मुलांच्या लग्नाला नाइट ड्यूटी बदलून जात आली, डोळ्यांत झोप घेऊन अक्षता टाकत आली. आणि स्वतःच्या एकुलत्या मुलीच्या लग्नात टॅको.

भेटायला जाताना तिनं गाडीत मला शिकवलं.

"अहो, आपण मुलीकडचे. ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. विनोद करायचे नाहीत. मध्ये बोलायचं नाही."

मागून मुलगी म्हणाली, "आई, त्यांना माहीत पण नाही मुलीकडचे म्हणजे काय."

"त्यांना नसेल. आपल्याला आहे ना?"

"बाबा, प्लीज, जस्ट बी नॉर्मल."

दोघींच्या सूचना एकदम पाळणं शक्य नव्हतं. मी नेहमीप्रमाणे बायकोची पाळली.

व्याही निघाले उंच, वाळके आणि कमी बोलणारे. इतके कमी की पहिली दहा मिनिटं मला वाटलं घरात टीव्ही बिघडलाय. चहा झाला, आम्ही नेलेल्या करंज्या झाल्या. मग ते उठले आणि मला मानेनंच खूण करून गॅरेजमध्ये घेऊन गेले.

तिथं एक लांब लाकडी टेबल. त्याच्या कडेला लोखंडी यंत्र बसवलेलं, एक दांडा वर-खाली करायचा. मला एकदम आमचा चकलीचा सोऱ्या आठवला. पण आजूबाजूला पितळेच्या छोट्या नळ्यांचे डबे होते, आणि भिंतीला कुलपाची लोखंडी तिजोरी.

"यू शूट?" त्यांनी विचारलं.

मी लहानपणी जत्रेत छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडले होते. म्हणजे फुग्यांवर नेम धरला होता, फुटला तो फुगेवाल्याचा आरसा. पण मी मुलीकडचा. म्हटलं, "यस."

त्यांचा चेहरा जरा उजळला. "यू रीलोड?"

रीलोड म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, फोनचा बॅलन्स. म्हटलं, "यस, यस. एव्हरी मंथ."

मग त्या माणसाचं तोंड उघडलं ते उघडलंच. तिजोरीतून त्यांनी एक आखूड रायफल काढली. ही कार्बाइन. हिच्यात पिस्तुलाचीच नऊ एमएमची काडतुसं चालतात. एक उडालं की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि दुसरं काडतूस आत येतं, पण ट्रिगर मात्र दर वेळी दाबायचा. विकतची काडतुसं ते वापरत नाहीत, घरीच भरतात. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, बुडाला नवीन प्राइमर बसवायचा, पावडर मोजून घालायची, वर गोळी बसवून दाबायची. प्राइमर म्हणजे आपली दिवाळीची टिकली समजा, तीच पेटते आणि पावडर पेटवते. गोळ्या दोन तऱ्हेच्या. एक साधी शिशाची, ती स्वस्त, पण मऊ आणि धूर करणारी. दुसरी प्लेटेड, म्हणजे आत शिसं आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. ते सांगत होते आणि मी मान हलवत होतो. मधे मधे "करेक्ट" म्हणत होतो. एकदा तर "एग्झॅक्टली, मी पण तेच करतो" असंही म्हटलं. ते कशावर म्हटलं ते आजतागायत मला कळलेलं नाही.

निघताना ते म्हणाले, "उन्हाळा उतरला की आमच्या क्लबात ये. दोघं मिळून शूट करू. तुझी काडतुसं आण."

"यस," मी म्हटलं.

गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, ते नेव्हर टॉक टू एनीबडी. काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. हो म्हटलं."

बायकोनं मागे वळून तिच्याकडे असं बघितलं की बघ, मी काय सांगत होते.

घरी आल्यावर बायकोला खरं सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली. मी म्हटलं, "फोन करून सांगतो त्यांना, मला ह्यातलं काही येत नाही."

"म्हणजे खोटारडे ठरायचं? पहिल्याच भेटीत?" ती म्हणाली. "उन्हाळा उतरायला वेळ आहे. शिका."

असा मी वयाच्या ह्या टप्प्यावर विद्यार्थी झालो. एका दुकानात शनिवारी सकाळी क्लास असायचा, तिथं जाऊन बसलो. एक सेकंडहँड यंत्र आणलं. गॅरेजमध्ये बसवताना बायको बघत होती. "हा सोऱ्या किती रुपयांचा?" तिनं विचारलं. मी आकडा डॉलरमध्ये सांगितला, तसा कमी वाटतो. पण नर्स आहे ती, गुणाकार तिला माझ्याआधी येतो.

पुंगळ्या धुण्यापासूनच माझी हुशारी सुरू झाली. क्लासात सांगितलं होतं, मक्याच्या कणसाच्या भुशात घालून यंत्रावर घुसळायच्या. मी म्हटलं, पितळ घासायला आम्हाला कोण शिकवणार? चिंच कोळली, मीठ घातलं, पुंगळ्या बुडवून ठेवल्या. काय झळकल्या, देवघरातल्या निरांजनासारख्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर आतल्या बाजूला चिंचेचे धागे चिकटून वाळलेले. काडी घेऊन एकेक कोरत बसलो. शेवटी सगळ्या टाकून दिल्या आणि गपचूप भुसा आणला.

शिशाचं तर बायकोनं असं काही केलं की मला वाटलं, मला कुठला तरी रोग झालाय. गॅरेजचा शर्ट वेगळा. आत येताना बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे. किचनमध्ये तर पाय ठेवायचाच नाही. "तुम्ही लोकांच्या चकल्या तळता," ती म्हणायची, "शिसं खायला घालाल." पहिल्या दिवशी तिनं मला साबण लावून हात धुवायला शिकवलं, ऑपरेशनला जाताना डॉक्टर धुतात तसे. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. त्यांनी नंतर बायकोला हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे ना ह्यांची?"

शिशाची गोळी बसवायची तर पुंगळीचं तोंड आधी थोडं फुलवावं लागतं, नाहीतर मऊ शिसं कडेला सोलून निघतं, पेन्सिलीला टोक केल्यासारखं. माझ्या पहिल्या गोळ्यांभोवती शिशाची अशी वेटोळी पडली की क्लासातले मास्तर म्हणाले, "काडतूस करतोयस की दागिना?" प्लेटेडचं उलटं. बसवल्यावर तोंड परत आवळताना जास्त जोर लावला की वरचा मुलामा फाटतो. इथं मला अनुभव होता. लग्नात सासऱ्यांनी मला दिलेली अंगठी तीन महिन्यांत अशीच उघडी पडली होती. मी तेव्हाही हो म्हटलं होतं.

पुस्तक इंग्रजीत. ते बायको वाचायची. कुठल्या गोळीला किती पावडर, हे तिला औषधाच्या डोससारखं वाटायचं आणि ती डोससारखंच वागायची. "दोनदा वाचायचं, दोनदा मोजायचं, मग द्यायचं." पन्नास पुंगळ्या एका ट्रेमध्ये उभ्या करायच्या, सगळ्यांत पावडर घालून झाली की टॉर्च मारून एकेकीत डोकावायचं, कुठली रिकामी राहिली नाही ना, कुठलीत दोनदा पडली नाही ना. टॉर्च मारून ती बघायची. टॉर्च धरायचं काम माझ्याकडे.

अशी मी काडतुसं करायला लागलो. मास्तरांनी त्यांच्या कार्बाइनमधून थोडी उडवून बघितली, म्हणाले, "चालतायत." एकच गोष्ट राहिली होती. माझ्याकडे बंदूक नव्हती. बायको म्हणाली, "त्यांच्याकडे आहे ना? मग आपल्याला कशाला?" सगळ्या टेक्सासमध्ये बिनबंदुकीचा काडतूसवाला मी एकटाच असेन.

जायच्या आदल्या दिवशी बायकोनं विचारलं, "त्यांना द्यायला काय नेताय?"

"करंज्या?"

"त्या पहिल्या भेटीत दिल्या. अहो, व्याह्यांना पहिल्यांदाच मानाचं काही द्यायचंय आपण." तिनं विचार केला. "ही काडतुसंच द्या की. हातानं केलेली आहेत. शर्टापेक्षा बरं. शिशाची नको, काळपट दिसतात. ती सोन्याच्या रंगाची द्या."

मलाही पटलं. दुपारी बसून पन्नास प्लेटेड भरली. तिनं टॉर्च मारून बघितलं, मी टॉर्च धरला. उरलेली पावडर भांड्यातून परत डब्यात ओतली, झाकण लावलं, टेबल पुसलं. पन्नासच्या खोक्यात काडतुसं अशी बसली की मी फोटो काढला.

बायको खोकं बघायला आली. "पन्नास?"

"खोकंच पन्नासचं येतं."

"आहेर कधी पन्नासचा करतात का? वरचा एक कुठाय?"

बरोबर होतं तिचं. पन्नास म्हणजे विषय संपला, एक्कावन्न म्हणजे पुढे चालू. मी परत यंत्राकडे गेलो. एक पुंगळी घेतली, टिकली बसवली, पावडरच्या भांड्याखाली धरून दांडा ओढला, वर गोळी बसवली, आवळली. दोन मिनिटांचं काम. ते एक काडतूस खोक्यात मावेना, म्हणून तिनं त्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं, लाल कापडाच्या छोट्या पुरचुंडीत बांधलं आणि खोक्यावर ठेवलं.

क्लब गावाबाहेर होता. पत्र्याचं छप्पर, खाली शूट करायच्या जागा, समोर मोकळं रान आणि मातीचा बांध. व्याही आधीच येऊन उभे होते.

"तुझी कार्बाइन कुठंय?" त्यांनी विचारलं.

"यस," मी म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग स्वतःची काढली.

मी दोन्ही हातांनी खोकं पुढं केलं, जरा वाकून. "फॉर यू, सर. फ्रॉम अवर फॅमिली."

त्यांनी झाकण उघडलं. आत पन्नास सोनेरी टोकं. ते बघतच राहिले. मला वाटलं, भारावले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खोक्याकडे, आणि घसा साफ केला. "हे... मी शूट करायचं?"

"यस."

"आज?"

"यस, यस."

"हं," ते म्हणाले. मग त्यांनी पुरचुंडी सोडली. "आणि हे एक वेगळं?"

"हे शुभ," मी म्हटलं. "हे पहिलं उडवायचं. फर्स्ट. व्हेरी लकी."

त्यांनी मॅगझिनमध्ये माझी काडतुसं भरली आणि सगळ्यात वर ते कुंकू लागलेलं बसवलं, म्हणजे तेच पहिलं उडेल. कानावर मोठे इअरमफ चढवले, डोळ्यांना चष्मा, कार्बाइन खांद्याला लावली. मी त्यांच्या मागं दोन पावलांवर उभा होतो. मनात म्हणत होतो, बायको असती तर तिनं ओवाळलं असतं.

त्यांनी ट्रिगर दाबला. फुस्स.

पावसात भिजलेली लवंगी वाजते ना, तेवढाच आवाज. इअरमफ लावलेल्या माणसाला तो जाणवलाही नसेल. बंदूक मागं आलीच नाही, पुंगळी बाहेर पडली नाही. व्याह्यांना वाटलं असणार, काडतूस पेटलंच नाही. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला, त्यांनी बाजूचा खटका मागं ओढून सोडला. आतली पुंगळी उडून माझ्या बुटापाशी पडली, नवीन काडतूस आत गेलं, आणि ते परत नेम धरायला लागले.

मी खाली बघितलं. पुंगळी रिकामी होती. कडेला कुंकू होतं, पण तोंडाला गोळी नव्हती. आता काडतूस पेटलंच नसेल तर गोळी तिथंच पाहिजे. आणि तिथं नाही तर ती कुठंय? पुढं मातीत एक धूळसुद्धा उडाली नव्हती.

गोळी नळीत अडकली होती. आणि मला त्याच क्षणी आठवलं की आदल्या दिवशी मी त्या एकासाठी दांडा ओढला तेव्हा भांडं रिकामं होतं. पावडर मी आधीच डब्यात ओतली होती. ट्रेमध्ये पन्नास होती, त्यांना टॉर्च मारला. हे पन्नासावरचं एक, ह्याला कुणी टॉर्च मारला नाही. आत नुसती टिकली होती, तिनं गोळी नळीत ढकलली आणि सोडून दिली. आता मागून दुसरी आली की नळी फुटणार, आणि बंदुकीला गाल लावून माझ्या मुलीचा सासरा उभा.

मास्तरांनी क्लासात हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काय ओरडायचं तेही सांगितलं होतं. पण माझं तोंड उघडलं तेव्हा त्यातून काय आलं? "यस." पहिल्या भेटीपासून त्या माणसासमोर तोंडाला तोच शब्द बसला होता, तर दुसरा कुठून येणार? "यस, यस, यस," मी ओरडत होतो. व्याह्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं, मी खूश आहे. त्यांचं बोट ट्रिगरकडे निघालं.

मग माझ्या पोटातून आवाज निघाला. किचनमध्ये नवीन पोरगा ओल्या हातानं तेलाच्या कढईकडे गेला की जो निघतो, तो. "अहो, थांबा! हात काढा आधी!"

मराठीत. शुद्ध मराठीत. टेक्सासच्या त्या पत्र्याखाली उभ्या असलेल्यांपैकी एकालाही कळलं नसेल, पण सगळे थांबले. शेवटच्या जागेवर बसलेल्या म्हाताऱ्यानं तर हातातली कॉफीपण खाली ठेवली. व्याह्यांचं बोट बाहेर आलं. नळी समोरच ठेवून त्यांनी मान वळवली. मी पुंगळी उचलून त्यांच्यापुढं धरली. बोटानं तिचं रिकामं तोंड दाखवलं.

दिसली. त्यांनी मॅगझिन काढलं, आतलं काडतूस काढलं, कार्बाइन उघडी करून टेबलावर ठेवली. पेटीतून पितळेची सळी काढली, नळीत घातली आणि वरून हलके ठोके दिले. गोळी बाहेर येऊन टेबलावर पडली. सोन्याच्या रंगाची, बाजूनं चरे पडलेली. त्यांनी ती तळहातावर घेतली.

"तूच भरलीस?"

"यस." एवढं एक यस मात्र खरं होतं.

मग मी सगळं सांगितलं, माझ्या इंग्रजीत, हातवारे करून. वरचा एक, शुभ कसा, पावडर आधीच ओतलेली, टॉर्च. बंदूक नाही हे. फुग्याचं, आरशाचं, फोनच्या बॅलन्सचं. थांबताच येईना. ते ऐकत होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "बाकीच्या पन्नासमध्ये पावडर आहे?"

"बायकोनं टॉर्च मारून बघितलंय."

"आणि तू?"

"मी टॉर्च धरला होता."

"तुला खात्री आहे?"

आदल्या दिवशी विचारलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं. मी त्यांच्या गालाकडे बघितलं, जो मघाशी बंदुकीला लागलेला होता. "नो," मी म्हटलं.

व्याही बाकावर बसले. मीही बसलो, थोडं अंतर ठेवून. ते म्हणाले, "दुसऱ्यानं भरलेलं काडतूस मी कधी उडवत नाही. कुणाचंच नाही. माझ्या भावाचंही नाही. पहिला नियम आहे हा."

"मग आज का उडवलंत?"

"पोरानं सांगितलं होतं. इंडियन माणसानं प्रेमानं काही दिलं तर नाही म्हणू नका, फार मोठा अपमान होतो." ते माझ्याकडे वळले. "म्हटलं, पहिल्याच दिवशी नको."

दोन बाप्ये माणसं नम्रपणे मरणार होती.

परत निघताना त्यांनी खोकं स्वतःकडे ठेवून घेतलं. "पुढच्या शनिवारी माझ्याकडे ये. ही सगळी फोडून बघू. आणि काही आणू नकोस. काहीही नाही."

घरी मुलगी दारातच उभी. "सो? वियर्ड?"

सांगावंच लागलं. ऐकून ती कोचावर बसली. "ओह माय गॉड, बाबा." मग हळू आवाजात आईला म्हणाली, "आई, आम्ही कोर्टहाऊसच करू. इट्स ओके. रिअली."

बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. वरचा एक तिनंच मागितला होता, त्यामुळे ती मला बोलूही शकत नव्हती. ती उठली आणि फ्रिजकडे गेली. आठवडाभर आमचा फ्रिज हॉस्पिटलसारखा होता.

शनिवारी मी निघालो तेव्हा ती मागून आली, हातात चिवड्याची पिशवी. "रिकाम्या हातानं जाणार? व्याह्यांकडे?"

"त्यांनी सांगितलंय, काही नको."

"ते सांगतातच. आपण न्यायचं असतं."

"अगं, मागच्या वेळी नेलं होतं."

तिनं पिशवी खाली ठेवली.

व्याह्यांनी दार उघडलं. माझे दोन्ही हात मोकळे लटकत होते, त्यांचं काय करायचं मला कळत नव्हतं, शेवटी मी ते खिशात घातले. त्यांनी खिशांकडे जरा संशयानं बघितलं. मी परत बाहेर काढून दाखवले. "गुड," ते म्हणाले आणि मला गॅरेजमध्ये नेलं.

काडतूस फोडायचा हातोडा प्लास्टिकचा असतो, पोकळ. त्याच्या डोक्यात काडतूस उलटं अडकवायचं आणि लाकडावर ठोकायचं. धक्क्यानं गोळी सुटते, पावडर आत सांडते, मग दोन्ही वेगळं काढायचं. एकदा ते ठोकायचे, एकदा मी. दर वेळी आम्ही दोघं वाकून बघायचो, पावडर निघाली का. निघत होती.

असं ठोकता ठोकता ते म्हणाले, "पोरगा म्हणतो, लग्न कोर्टातच करणार."

"हो," मी म्हटलं. "माझ्यामुळे."

ठक. पावडर निघाली.

"मला नाही आवडलं," ते म्हणाले. "एकच पोरगा आहे मला."

"मलाही नाही आवडलं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"मी मुलीकडचा."

"म्हणजे?"

मी समजावलं. मुलीकडच्यांनी कमी बोलायचं, हो म्हणायचं, वाकायचं. ते हातोडा हातात धरून ऐकत होते. "हे वाईट आहे," ते म्हणाले. "नळीत गोळी अडकली तरी हो म्हणायचं?"

"जवळजवळ."

"आजपासून बंद. माझ्याशी नाही." त्यांनी पुढचं काडतूस अडकवलं. "बोल. किती माणसं येतील?"

मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "नो." मी थोडा कमी सांगितला. ते म्हणाले, "नो." मग मला चेव आला. मी म्हटलं, निम्मी तर हिच्या हॉस्पिटलमधली आहेत, त्यांना कसं टाळणार? ते म्हणाले, पार्किंग कुठं करणार? घोड्यावरून आम्ही वाद घातला. पोराला घोडा नको होता, व्याह्यांना हवा होता. मी म्हटलं, आमच्याकडे घोड्यावर बाप बसत नाही. जेवणावर तर दोघांचाही आवाज चढला. त्यांना त्यांच्या हातची ब्रिस्केट मांडवात ठेवायची होती, म्हणजे गाईचं मांस, रात्रभर धुरावर भाजलेलं. मी म्हटलं, मांडवात नाही. ते म्हणाले, "का नाही? मी सगळ्यांना खायला घालीन." मी म्हटलं, सगळे खात नाहीत, आणि मांडवात तर अजिबात नाही, दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात घाला. ते म्हणाले, दुसऱ्या दिवशी कोण येतं? टेबलावर मोकळ्या गोळ्यांचा आणि पुंगळ्यांचा ढीग पडला होता आणि आम्हा दोघांच्याही हातातलं ठोकायचं थांबलं होतं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "काय चाललंय? आवाज कसला?"

"भांडतोय आम्ही," मी म्हटलं.

तिनं फ्रिजचं दार उघडल्याचं मला ऐकू आलं. "काय केलंत आता?"

"काही नाही. त्यांना मांडवात ब्रिस्केट ठेवायची आहे. मी नाही म्हटलं."

पाठीमागून व्याही ओरडले, "टेल हर, पोर्कपण चालेल."

"नो," मी त्यांना म्हटलं.

मग फ्रिजचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

"अहो," ती म्हणाली, "मांडवात म्हणाले का ते? मांडव म्हणाले?"